देवराईतली रानमोडी काढायची, पण कुठल्या कायद्याने?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या सदस्याने विचारलं आहे: गावच्या देवराईच्या कडेने रानमोडी आणि घाणेरी माजली आहे, खालच्या तळीवर जलपर्णी पसरली आहे, वरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, अकेशियाची रोपं आपोआप उगवत आहेत. पंचायत म्हणते वनखात्याकडे जा, वनखातं म्हणतं जमीन आमची नाही. कुठल्या कायद्याचा आधार घ्यावा? आणि गावातल्या पोरांना घेऊन एखाद्या रविवारी सगळं कापून टाकलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करूया. येत्या रविवारी कापायला जाऊ नका. आधी तलाठ्याकडून देवराईचा, तळीचा आणि सड्याचा, तिन्हींचा एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा काढा. तुमच्या पत्रात जागेचं वर्णन आहे, झाडांची नावं आहेत, पण सर्व्हे नंबर एकही नाही, आणि या विषयात सगळं तिथूनच ठरतं. सत्तरीत एकाच डोंगराचा एक तुकडा देवस्थानचा, दुसरा कोमुनिदादीचा (गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेचा), तिसरा जुन्या सनदांनी दिलेल्या आल्वारा किंवा मोकासो जमिनीचा आणि वरचा भाग सरकारी वन, असं सर्रास असतं. रानमोडीला ही हद्द कळत नाही. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र हद्दीपलीकडे काहीच करता येत नाही. वनखातं ‘जमीन आमची नाही’ म्हणालं ते टाळायला म्हणालं असेल किंवा खरंही असेल, उतारा हातात असल्याशिवाय तुम्ही त्यांना काय विचारणार?

आता कायद्याकडे येतो. जैवविविधता कायदा, वन्यजीव संरक्षण कायदा, गोव्याचा वृक्ष जतन कायदा, या तिन्हींत ‘जमीनमालकाने आपल्या जमिनीतलं परकं तण काढलंच पाहिजे’ असं सांगणारं कलम नाही. असे कायदे आपल्या देशात झालेच नाहीत असं नाही. अखंड बंगालने १९३६ साली खास जलपर्णीसाठी कायदा केला आणि जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर ती काढण्याची जबाबदारी टाकली. कर्नाटकाने १९७५ साली आपल्या शेती कीड-रोग कायद्याखाली गाजर गवत उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. दोन्ही ठिकाणी तण उरलंच. लाखो लोकांच्या जमिनीवर तण शोधत फिरणारी यंत्रणा कुठल्याच सरकारपाशी नव्हती. म्हणून हुकूम देणारं कलम सापडलं नाही तरी निराश होऊ नका. तुमच्या समितीला आधार हवा आहे तो काम करण्याचा अधिकार मिळवण्यासाठी, आणि तो कायद्यात आहे.

सरहद्दीवरचे कायदे वेगळे. १९१४ चा विनाशकारी कीटक व कीड कायदा आणि त्याखालचा २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश बाहेरून येणारं बियाणं, रोपं, लाकूड यांच्यावर नजर ठेवतात. नवीन संकट दारातच अडवणं हा सर्वांत स्वस्त उपाय, हे मी मनापासून मानतो. पण घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेची म्हणून आली. जलपर्णीही फुलांसाठीच आणली गेली. तुमच्या गावात जे उभं आहे त्याला हे कायदे आता काही करू शकत नाहीत.

२०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्यांदा ‘आक्रमक परकी प्रजाती’ ही व्याख्या आली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कलम ६२-अ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि फैलाव यांवर नियंत्रण किंवा बंदी घालू शकतं, आणि अधिकृत अधिकारी तो माल जप्त करून नष्ट करू शकतो. चांगली गोष्ट झाली. तिच्या मर्यादा मात्र लक्षात घ्या. व्याख्या ‘भारतात मूळची नसलेली’ एवढ्यापुरती आहे. देशाच्या एका टोकाची वनस्पती दुसऱ्या टोकाला नेऊन लावली आणि ती माजली, तर ती यात बसत नाही. शिवाय अधिसूचनेचा अधिकार केंद्राकडे आहे, तुमच्या पंचायतीकडे किंवा पणजीकडे नाही. नर्सरीवाल्याला, आयात करणाऱ्याला थांबवायला हे कलम उपयोगी पडेल. डोंगरावर पसरलेल्या रानमोडीची जबाबदारी ते कुणावर टाकत नाही.

देवराईचा सर्व्हे नंबर म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येतो का, हे सर्वांत आधी तपासा. १९९९ साली अभयारण्य घोषित झालं तेव्हापासून सत्तरीतल्या कितीतरी गावांच्या जमिनी त्यात आहेत आणि हक्कांचे वाद अजून लोकांच्या मनात ताजे आहेत. हद्दीच्या आत असाल तर वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ लागतं: अभयारण्यातलं वन्यजीवन, वनोपजासकट, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय काढता किंवा नष्ट करता येत नाही. आणि कायद्यात ‘वन्यजीवन’ या शब्दात अधिवासाचा भाग असलेली जमिनीवरची आणि पाण्यातली वनस्पतीही येते. तिथे देशी-परकी असा भेद केलेला नाही. म्हणजे परवान्याशिवाय घाणेरी उपटणारा माणूस कागदावर अभयारण्याचं नुकसान करणाराच ठरू शकतो. वादग्रस्त जमिनीवर तर ती साफसफाई शेतीसाठी जंगल तोडल्यासारखी दिसेल, आणि पोरांवर गुन्हा नोंदला गेला तर गाव पुन्हा कधी या कामाला हात लावणार नाही. याच कलमात वाटही आहे. वन्यजीवनाच्या सुधारणेसाठी आणि चांगल्या व्यवस्थापनासाठी काढणं आवश्यक आहे, असं राज्य सरकारला पटलं तर परवानगी देता येते. काढलेला माल आसपासच्या लोकांना घरगुती गरजेसाठी वापरता येतो, विकता येत नाही. घाणेरीच्या काठ्यांच्या खुर्च्या करून विकण्याची कल्पना कुणी मांडली, तर ती अभयारण्याबाहेरच्या मालासाठी ठेवा.

आणि कलम ३२ विसरू नका: अभयारण्यात वन्यजीवनाला इजा होईल अशी रसायनं वापरायला बंदी आहे. तणनाशकाचा पंप घेऊन आत जायचं नाही. बाहेरही मी देवराईत, तळीत आणि ओहळाच्या काठाने फवारणी करू देणार नाही. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध आणले ते उगाच नाहीत, आणि त्या ओहळाचं पाणी पुढे कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.

देवराई अभयारण्याबाहेर, देवस्थानच्या किंवा कोमुनिदादीच्या जमिनीत निघाली तर तुमचं काम बरंच सोपं होतं. देवस्थानासाठी महाजनांचा, म्हणजे देवस्थानच्या सभासदांचा, ठराव घ्या आणि प्रशासक म्हणून मामलेदाराला कळवा. कोमुनिदादीसाठी तिच्या समितीची लेखी संमती आणि कोमुनिदाद प्रशासकाला प्रत. वनहक्क कायदा, २००६ खाली तुमच्या गावाने सामूहिक दावा केला असेल तर आणखी बळ मिळतं. त्या कायद्यात सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, आणि कलम ५ ग्रामसभेला जैवविविधतेचं रक्षण करण्याचा अधिकार देतं. गावडा, कुणबी, वेळीप समाजाच्या गावांनी हे कलम वाचलंच पाहिजे.

आता तुमच्या समितीबद्दल, कारण मला वाटतं तुम्ही तिची ताकद ओळखलेली नाही. जैवविविधता कायदा, २००२ चं कलम ४१ म्हणतं की प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधतेचं संवर्धन, शाश्वत वापर आणि नोंदणी यांसाठी समिती स्थापन करावी, आणि त्यात अधिवासांचं जतन स्पष्टपणे येतं. गोव्यातल्या १९१ पंचायतींत या समित्या आहेत. लोक जैवविविधता नोंदवह्याही झाल्या, कारण राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपये दंडाची तंबी दिली. घाईत भरलेल्या नोंदवह्यांचं व्हायचं तेच झालं. झाडांच्या याद्या आहेत. कुठलं तण कुठे, केव्हापासून, कशाच्या जागेवर आलं, हे बहुतेक वह्यांत नाही.

ते तुम्ही लिहा. माझ्या मते या सगळ्या उत्तरातली सर्वांत कामाची गोष्ट हीच. सर्व्हे नंबर टाकून नकाशा काढा आणि रानमोडी, घाणेरी, मिकानियाची वेल कुठवर पोचली ते दाखवा. त्या जागी पूर्वी काय होतं ते गुरं राखणाऱ्यांना, औषधी मुळ्या गोळा करणाऱ्या बायांना विचारून लिहा: कुठल्या उतारावर गवत होतं, गवे कुठे चरायचे, कुठली रानभाजी मिळेनाशी झाली. गवत गेलं की गवा काजूच्या बागायतीत उतरतो. अशी नोंद झाली की हा विषय वनखात्याच्या शेती-नुकसानीच्या चर्चेतही येतो. समितीच्या बैठकीत वाचून, ठराव करून ती गोवा राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवा. मंडळ थेट येऊन तण काढणार नाही, ते त्याचं काम नाही. पण कलम ४१ खाली जैविक संसाधनांच्या वापराचे निर्णय घेताना मंडळाने आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने समितीचा सल्ला घ्यायचा असतो. नोंद असलेल्या समितीचा सल्ला वजनदार असतो.

देवराईसाठी एक पुढची पायरी आहे: कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ. डिचोली तालुक्यात सुर्ल्याची पूर्वतळी राय तसं स्थळ आहे. लोकांना भीती असते की असा दर्जा मिळाला की सरकार देवराई ताब्यात घेईल, मग भजन-जत्रेला परवानगी मागावी लागेल. राष्ट्रीय प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं नेमकं उलट सांगतात: गावाने स्वतःहून ठरवलेल्या बंधनांपलीकडे प्रचलित वापरावर बंधन यायला नको. दर्जा मिळाला की व्यवस्थापन आराखडा होतो, आणि आराखड्यात तण काढणं लिहिलेलं असेल तर दरवर्षी नव्याने परवानगीसाठी फिरावं लागत नाही. ग्रामसभेत महाजन मंडळींना मान्य असेल तरच हा प्रस्ताव पुढे न्या. वरून लादलेली देवराई राहत नाही.

अकेशियाचं प्रकरण निराळं. सामाजिक वनीकरणाच्या काळात आणि खाणींच्या डंपांवर ते लावलं गेलं, कारण निकृष्ट मातीतही झपाट्याने वाढतं. आता बी पसरून सड्यावर येतं. गोवा, दमण व दीव वृक्ष जतन कायदा, १९८४ मध्ये झाडाची व्याख्या बुंध्याची जाडी आणि उंची यांवर आहे. जात देशी की परकी, याचा तिथे विचार नाही. २०१६ साली माडाला व्याख्येतून वगळल्यावर गोव्यात केवढा असंतोष झाला आणि दुसऱ्याच वर्षी माड कसा परत आला, ते सर्वांना आठवत असेल. वाढलेलं अकेशिया तोडायचं तर ट्री ऑफिसरकडे अर्ज करावाच लागेल, आणि तो नियम असावा असंच मला वाटतं. नाहीतर ‘अकेशिया’ म्हणून देशी किंदळ कापला जाईल. तुमची रोपं मात्र अजून लहान आहेत. ती पावसाळ्यात, माती ओली असताना, हाताने मुळासकट उपटा. रोप झाडाच्या व्याख्येत बसण्याआधीच निघून गेलं की वृक्ष कायद्याचा प्रश्न येत नाही. जमीनमालकाची संमती तेवढी हवी, आणि सडा अभयारण्यात येत असेल तर वर सांगितलेला परवाना. आणि कृपा करून त्या जागी दुसरी झाडं लावू नका. सडा उघडा दिसतो म्हणून ओसाड नसतो. पावसाळ्यात तिथे गेंद, सीतेची आसवं आणि कितीतरी छोट्या वनस्पती फुलतात, त्यांतल्या काही पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाहीत. त्यांना ऊन लागतं. वनमहोत्सवात सड्यावर खड्डे खणणं ही अकेशियाइतकीच मोठी हानी आहे.

परकं ते सगळं वाईट, असा सूर मात्र गावात लावू नका. काजू ब्राझीलहून आला, मिरचीही अमेरिकेतून. ज्याच्यावर घर चालतं त्या झाडाला शत्रू म्हटलं तर तुमची बाकीची बाजूही कुणी ऐकणार नाही.

तळीसाठी दोन गोष्टी पाहा. ती पाणथळ जागा म्हणून अधिसूचित असेल किंवा राज्य पाणथळ प्राधिकरणाच्या यादीत असेल, तर २०१७ चे पाणथळ नियम लागतात: भराव, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, पक्कं बांधकाम यांना मनाई. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. तिथेही तरंगतं तण हा व्यवस्थापनाचा रोजचा विषय आहे, म्हणजे दर्जा मिळाल्याने तण थांबत नाही. दुसरी गोष्ट, जलपर्णी कशावर पोसली जाते? पाण्यात नत्र-स्फुरद उतरल्याशिवाय ती अशी माजत नाही. कुणाच्या शौचालयाची टाकी झिरपते, कुठल्या गोठ्याचं किंवा हॉटेलचं पाणी तळीत येतं, ते आधी शोधा आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सर्व्हे नंबरासह लेखी तक्रार करा. ते बंद न करता जलपर्णी काढलीत तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. काढताना ढीग काठावर ठेवू नका, पहिल्या पावसात परत पाण्यात जातो. दूर नेऊन कंपोस्ट करा. बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, तेव्हा दरवर्षी नव्या रोपांवर लक्ष ठेवावंच लागेल.

तण खाणारे किडे सोडण्याबद्दल कुणी सुचवेल. केरळात १९८० च्या दशकात साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या तणावर सोडलेल्या भुंगेऱ्याने खरोखर मोठं काम केलं, आणि गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा आज कितीतरी राज्यांत दिसतो. पण परदेशी कीटक कसून चाचणी झाल्यावरच, अधिकृत संस्थेमार्फत सोडले जातात. तुम्ही कृषी खात्याला किंवा जुन्या गोव्याच्या आयसीएआर केंद्राला विचारा, स्वतः कुठून आणू नका.

परवानगी मिळाल्यावर काम कसं करायचं ते थोडक्यात. रानमोडी डिसेंबरच्या सुमाराला फुलते आणि बी वाऱ्यावर जातं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढायची. सुकलेली रानमोडी मार्च-एप्रिलात वणव्याला खाद्य होते, तेव्हा ढीग देवराईला टेकून ठेवू नका आणि जाळू तर मुळीच नका. घाणेरी जमिनीलगत कापली की दुपटीने फुटते. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबूंनी रुजवलेली पद्धत वापरा: जमिनीखाली दोन-तीन बोटं मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा मातीला लागत नाही. सुरुवात दाट जागेपासून करू नका. जिथे तण विरळ आणि देशी रोपं अजून आहेत तिथून करा आणि हळूहळू दाट भागाकडे सरका. देवराईच्या आत काही लावायची गरज नाही, सावली दाट झाली की रानमोडी आपोआप हटते. कडेला फार मोठी मोकळी जागा राहिली तरच ऐन, किंदळ, करमळ, भिरंड अशी त्याच परिसरातल्या बियांची रोपं लावा. देवराईत बांबरच्या निरंकाराच्या रायीसारखी जायफळ कुळातल्या झाडांची दलदल असेल तर तिथे कुदळ चालवू नका. त्या झाडांची श्वसनमुळं पृष्ठभागावरच असतात.

आणि हे एका वर्षाचं काम नाही. सलग तीन पावसाळे तरी त्याच जागेवर परत जायची तयारी नसेल तर सुरूच करू नका, कारण उघडी पडलेली जमीन रानमोडीच आधी पकडते. म्हणून पैशाची मागणीही तीन वर्षांची करा. समितीचा स्थानिक जैवविविधता निधी छोटा असतो, पण मजुरीचा पहिला हप्ता त्यातून निघू शकतो. जागा वनखात्याची असेल तर नैसर्गिक पुनरुज्जीवनाला साहाय्य करण्याच्या कामासाठी कॅम्पाचा, म्हणजे वनजमीन वळवल्याच्या भरपाईतून जमणारा, निधी असतो. विभागीय वनाधिकाऱ्याला तुमचा नकाशा त्यांच्या वार्षिक आराखड्यात घ्यायला सांगा.

पंचायतीने आजच करण्यासारखं एक काम आहे, त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही. सिंगापूर डेझी नावाने ओळखली जाणारी पिवळ्या फुलांची वेदेलिया रिसॉर्टच्या, बंगल्यांच्या कुंपणांवर लावली जाते आणि तिचे कापलेले तुकडे ओहळात फेकले जातात. प्रत्येक तुकडा रुजतो. ग्रामसभेत ठराव करा की पंचायतीच्या कुठल्याही कामात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या बागेत ही आणि अकेशिया, सुबाभूळ लावायची नाही, आणि बागेचा कचरा ओहळात टाकायचा नाही.

राज्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे. केरळाने २०२१ मध्ये पर्यावरण पुनर्स्थापनेचं धोरण केलं, तामिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींसाठी धोरण आणलं, गुजरातच्या वनखात्याने २०२३ मध्ये कोनोकार्पस या शोभेच्या परक्या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने दाखवलं की बहुतेक देशांनी या विषयाची उद्दिष्टं लिहिली आहेत, पण खास कायदे फक्त १७ टक्के देशांत आहेत. जैवविविधतेच्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक आराखड्याने २०३० पर्यंत नव्या आक्रमक प्रजातींचा शिरकाव निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. गोवा लहान आहे, आपली जंगलं एका दिवसात पार करता येतात. नर्सऱ्यांची यादी, निषिद्ध रोपांची यादी आणि वन, कृषी, जलस्रोत, पंचायत या चार खात्यांना एकत्र बसवणारा एक अधिकारी, एवढं झालं तरी तुमच्यासारख्यांना एका दारातून दुसऱ्या दारात फिरावं लागणार नाही.

तोवर तुमचं पत्र असं असू द्या: वर सर्व्हे नंबर, खाली मालकाची संमती, समितीचा ठराव, नोंदवहीतलं पान, नकाशा, तीन वर्षांचा वेळापत्रकासह खर्च, आणि ‘रसायन वापरणार नाही, माल विकणार नाही’ ही हमी. जमीन अभयारण्यात असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाला, इतर वन असेल तर विभागीय वनाधिकाऱ्याला, खासगी किंवा देवस्थानची असेल तर मामलेदाराला, आणि प्रत प्रत्येक वेळी जैवविविधता मंडळाला. पोचपावती घ्या. पावसाळा संपायच्या आत पाठवलंत तर रानमोडी फुलायच्या आधी उत्तर येण्याची शक्यता राहते.